मुदत संपली तरी कबर रिकामी होतेच असं नाही
जर्मनीत कबर ठरावीक मुदतीसाठीच मिळते आणि मुदत संपली की ती दुसऱ्याला देतात, असं म्हणतात. बरोबर, ही मुदत साधारण २० ते २५ वर्षं, गावागणिक वेगळी. रांगेतल्या, म्हणजे क्रमाने येईल ती दिलेल्या, कबरीला मुदतवाढ नाही. निवडून घेतलेल्या कबरीला पैसे भरून मिळते. खरी गोम मातीत आहे. चिकणमातीत पाणी साचलं की हवा पोचत नाही, चरबीचा साबणासारखा पांढरट थर धरतो आणि देह कित्येक दशकं कुजतच नाही. मग ती जागा पुन्हा वापरायची कशी? निचरा सुधारा, वाळूमिश्रित माती भरा. सिंथेटिक कपडे आणि जाड वार्निशची पेटी तर नकोच. सगळं नीट कुजलं असेल, तर उरलेली हाडं बहुतेकदा त्याच खड्ड्यात आणखी खोल पुरतात आणि वर नवी पेटी ठेवतात.