म्हणे सोलर न बसवणाऱ्यानं बिलाबद्दल बोलू नये

डिचोलीवाला: काल इथे एकानं लिहिलं की ज्याच्या छपरावर ऊन पडतं आणि तरी तो सोलर बसवत नाही, त्यानं लाईट बिलाची तक्रार करू नये. डोकंच फिरलं. आमचं घर जुनं कौलारू, मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर राहणाऱ्या कुळाचं, अजून नावावर झालेलं नाही, मग अर्ज कोणाच्या नावानं करू? ३ किलोवॅटला ७८,००० सबसिडी आहे हे ठाऊक आहे मला, पण ती सिस्टीम बसल्यावर येते, आधी पैसे कोण घालणार?

म्हापशाचा वायरमन: कौलांवरही बसतं, स्ट्रक्चर वेगळं करावं लागतं इतकंच. माझ्या ३ किलोवॅटला एप्रिलात दिवसाला १२ युनिटं निघतात. सावली येत असेल तर एकदोन माड काढा.

काणकोणची सून: माड काढा?? २०१६ मध्ये गोवा सरकारनं माडाला झाडं राखायच्या कायद्यातून वगळलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, २०१७ मध्ये परत घ्यावं लागलं आणि राज्यवृक्ष केला. आमचे अकरा माड सासूबाईंनी पाणी घालून वाढवलेत, वर्षाचं तेल त्यातूनच निघतं. आणि तुमचं ते ऑन-ग्रिड, म्हणजे खात्याच्या तारांना जोडलेलं सोलर, लाईट गेली की तेही बंद! गणपतीच्या चवथीला झाड पडून दोन दिवस लाईट नव्हती, शेजाऱ्यांच्या स्लॅबवर एवढी पॅनलं आणि आरती समईच्या उजेडात.

वायरमन: बंद होतं कारण खांबावर चढलेल्या माणसाला तुमच्या छपरावरचा करंट लागू नये. जनरेटरचा उलटा करंट येऊन माझ्याबरोबरचा एकजण गेलाय. हे नीट समजून घ्या मग बोला.

काणकोणची सून: त्याचं वाईट वाटलं, खरंच. पण माडाला हात लावायचा नाही.

मडगावकर: अकरा माडांवरून भांडताय, मोलेचं अभयारण्य विसरलात? बाहेरून वीज आणणाऱ्या तमनार प्रकल्पाच्या ४०० केव्ही लाईनसाठी तिथलं रान कापणार म्हणून २०२० मध्ये सगळा गोवा पेटला होता. आपल्याकडे स्वतःची वीज जवळपास नाहीच, बाहेरचा कोळसा जळतो तेव्हा आपला पंखा फिरतो. छपरावर नको तर रानातून तारा येणारच, दोन्ही नको कसं चालेल?

डिचोलीवाला: नको कोण म्हणतंय! पंचायतीच्या, शाळेच्या स्लॅबवर मोठं बसवा, आम्ही वर्गणी काढतो आणि युनिटं आमच्या बिलात वजा करा. ज्याचं घर नावावर नाही त्याला दुसरी वाटच नाही.

वायरमन: हे पटलं. शाळेचा स्लॅब मे महिन्यात रिकामाच तापत असतो. बरं, माडाचं मागे घेतो, पण निदान झावळ्या तरी उतरवा.

काणकोणची सून: नारळ काढणारा पाडेली येईल तेव्हा बघू.