महागडा रेझर की सरावलेला हात?
महाग सेफ्टी रेझर (दुधारी ब्लेड बसवायचा) घेतला की दाढी करताना त्वचा जळणं थांबेल, असं काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. आधी हात. दांडी हलकी धरा, दाब अजिबात नको, रेझरच्या वजनानंच ब्लेड सरकू द्या. ब्लेड आणि त्वचेतला कोन साधारण ३० अंश. पहिली फेरी केसांच्या दिशेनं, आणि मानेवर केस कुठे वळतात ते बोटांनी चाचपून बघा. उलट्या फेरीची घाई तिथेच नडते.

नागपूरकरांनी पाण्याकडेही बघावं. आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे साबणाचा चोथा होतो, फेस विरून जातो आणि दोष बिचाऱ्या ब्रशला! पेंच धरण-कन्हान नदीचं नळाचं पाणी किंवा आरओ फिल्टरचं वाटीभर घेऊन बघा, फरक लगेच कळेल. मे महिन्यात फेस गालावरच सुकतो, तेव्हा ब्रश ओला करून पुन्हा फिरवायचा.

साधनांत एकच गोष्ट मी सोडणार नाही: ब्लेड. बोथट ब्लेडपुढे कसलेला हातही हरतो. ते ओढायला लागलं की त्याच दिवशी बदला. रेझर साधा असला तरी चालेल, फक्त ब्लेड दोन्ही बाजूंना सारखं बसायला हवं. नंतर गार पाणी आणि ओली तुरटी.