सल्ला हवा: दुर्स ग्र्यूनबाइन वाचायला कुठून सुरुवात करावी? (बजेट 1500)

निंबोणी (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. पुण्यातल्या आमच्या वाचनकट्ट्यावर दर महिन्याला एकजण एक परदेशी कवी मांडतो. ऑगस्टची पाळी माझी आहे आणि मी दुर्स ग्र्यूनबाइन या जर्मन कवीचं नाव देऊन बसले आहे. वेळ 40 मिनिटं, बोलायचं मराठीतून, समोर पंधराएक माणसं, त्यातल्या दोघांना जर्मन येतं. माझं जर्मन बी-1, म्हणजे मधल्या पातळीचं. एकच पुस्तक विकत घेणार, 1500 रुपयांच्या आत. कविता की निबंध, मूळ की इंग्रजी अनुवाद, काही ठरत नाहीये. पुस्तकाचं नाव, ते का घ्यावं आणि वाचताना कुठे अडेल, एवढं सांगा.

एल्बेकाठी
सूरकाम्प या जर्मन प्रकाशकाने 2006 मध्ये काढलेला 'गेडिश्टे, ब्यूशर 1 ते 3' हा खंड घ्या. पहिले तीन संग्रह एका जागी मिळतात: 'ग्राउत्सोने मॉर्गेन्स' (1988), 'शेडेलबाझिसलेक्त्सिओन' (1991) आणि 'फाल्टेन उंड फालेन' (1994). पहिला बर्लिनची भिंत उभी असतानाचा, दुसरा ती पडल्यानंतरचा. पूर्व जर्मनीतला कवी, पण पहिला संग्रह छापला पश्चिमेकडच्या फ्रँकफुर्टने, कारण नाटककार हायनर म्युलरने त्याच्या कविता तिकडे पोचवल्या. ही पार्श्वभूमी नसेल तर पुढचं सगळं अधांतरी. जर्मनीहून मागवावं लागेल. टपाल आणि 2019 च्या अर्थसंकल्पापासून छापील पुस्तकांवर लागलेला 5 टक्के सीमाशुल्क धरून हिशोब करा.

निंबोणी
धन्यवाद. पण हे 1500 मध्ये कसं बसणार?

एल्बेकाठी
नाही बसणार. पण घ्यायचं तर हेच.

शब्दखुळा
आधी नावाचं बघा. 'ग्र्यू' लिहिलंत की माणसं य आणि ऊ असे दोन आवाज काढतात. तो एकच स्वर आहे. जीभ 'ई'च्या जागी ठेवायची, ओठ 'ऊ'सारखे गोल करायचे आणि जीभ न हलवता आवाज काढायचा. मॅक्स म्युलर भवनाचंही आपण तेच करून ठेवलंय. आणि दुर्समधला र पूर्ण उच्चारायचा नाही, तो जवळजवळ अ होतो.

अक्कलखाते
मग देवनागरीत लिहायचं कसं ते सांगा ना.

शब्दखुळा
लिहिता येत नाही, हाच माझा मुद्दा आहे.

दोन_भाषा
निंबोणीताई, बी-1 वर नुसतं मूळ घेतलंत तर तिसऱ्या पानावर पुस्तक मिटाल. 'अॅशेस फॉर ब्रेकफास्ट' बघा. मायकेल हॉफमानचा अनुवाद, 2005, समोरासमोर जर्मन आणि इंग्रजी. जुनी प्रत मिळाली तर बजेटमध्ये बसेल. मात्र घेताना अमेरिकन आवृत्तीच ना, आणि आत जर्मन पानं आहेत ना, याचा फोटो विक्रेत्याकडून मागून घ्या.

आता अडेल कुठे ते. एक, क्रियापद. गौण वाक्यात ते शेवटी जातं आणि हा गडी वाक्य सहा-सहा ओळी ओढतो, त्यामुळे कर्ता वरच्या कडव्यात आणि क्रियापद खालच्या. पहिल्या वाचनात अर्थ लावायचाच नाही, फक्त पेन्सिलने क्रियापदांना गोल करायचे. दुसऱ्या वाचनात प्रत्येक गोलाचा कर्ता शोधायचा. तिसऱ्यात शब्दकोश. हा क्रम उलटा केलात तर शब्द कळतात, वाक्य कळत नाही.

दोन, जोडशब्द. 'शेडेलबाझिसलेक्त्सिओन' फोडा: शेडेल म्हणजे कवटी, बाझिस म्हणजे तळ, लेक्त्सिओन म्हणजे धडा. जर्मन कानाला त्यात 'शेडेलबाझिसब्रुख', म्हणजे कवटीच्या तळाचा अस्थिभंग, हा डॉक्टरी शब्दही ऐकू येतो. शिवाय पूर्व जर्मनीतल्या शाळेत 'बाझिस' हा मार्क्सवादाच्या तासाचा शब्द, पाया आणि इमला यातला पाया. इंग्रजीत हे सगळं सांडतं. मराठीत 'कवटीच्या पायाचा धडा' म्हटलं की अर्ध्याहून जास्त टिकतं. कट्ट्यावर हे एक शीर्षक फोडून दाखवलंत तरी पाच मिनिटं निघतील.

हॉफमानबद्दल सावध राहा. तो स्वतः कवी आहे आणि हात राखून काम करत नाही. 'तरुण सीमाश्वान म्हणून कलावंताचं चित्र' अशा अर्थाच्या शीर्षकाला त्याने कंसात 'कोली नव्हे' असं शेपूट जोडलंय, बॉर्डर कोली या कुत्र्यावरून. मुळात ते नाही.

एल्बेकाठी
त्या एका शेपटासाठी तो अनुवाद मी कपाटात मागच्या रांगेत ठेवलाय.

दोन_भाषा
मला ते शेपूट आवडतं. बर्लिनच्या भिंतीवरचा कुत्रा इंग्रजीत गेला की तिथल्या वाचकाला मेंढ्या राखणारा गोंडस प्राणी दिसणार. ती चूक अनुवादकाने आधीच अडवली. मूळ मालिका 12 कवितांची आहे, अर्पण केलीय रशियन शास्त्रज्ञ पावलोवला (घंटा वाजली की कुत्र्याला लाळ सुटते, हा प्रयोग त्याचाच) आणि रशियन सैन्याच्या वैद्यकीय अकादमीतल्या प्रयोगांच्या कुत्र्यांना. भिंतीवर काही ठिकाणी कुत्रे एका लांब तारेला साखळीने अडकवलेले असत. तारेच्या टोकापासून टोकापर्यंत धावायचं, त्यापलीकडे नाही. तो कुत्रा आणि घंटेला लाळ गाळणारा कुत्रा त्याने एकाच कातड्यात घातलेत. बोलणारा 'मी' कोण, कवी की जनावर, हे तो शेवटपर्यंत सुटू देत नाही.

वडाची_साल
मर्ढेकरांचे उंदीर आठवले.

दोन_भाषा
आठवणारच, पण कट्ट्यावर ती तुलना टाळा. मर्ढेकरांच्या उंदरांकडे आपण बाहेरून बघतो. इथे कुत्राच बोलतो.

हुगळी_पार
अहो, परदेशातून काय मागवताय? सीगल बुक्स कोलकात्याची आहे! 'पोर्सेलिन', अनुवाद कॅरन लीडर, 2020. रुपयांतली किंमत, सीमाशुल्काचा प्रश्न नाही. थेट प्रकाशकाकडूनच घ्या. या अनुवादाला श्लेगेल-टीक हा जर्मनमधून इंग्रजीत केलेल्या अनुवादाचा पुरस्कार मिळालाय. आणि त्याच जोडीच्या 'सायकी रनिंग' या निवडीला (2005 ते 2022 च्या कविता, तीही सीगलचीच) 2025 चं ग्रिफिन हे कवितेचं पारितोषिक. अनुवादित पुस्तक असलं की त्यात रकमेचा 60 टक्के वाटा अनुवादकाला आणि 40 टक्के कवीला असतो. आपल्याकडे हे कोणी ऐकलं तर दुकान बंद करेल.

'पोर्सेलिन'चा ऐवज असा: 49 भाग, प्रत्येकी 10 ओळी, एकूण 490. 1992 पासून साठत गेलं, 2005 मध्ये जर्मनीत छापलं. विषय दुसऱ्या महायुद्धात ड्रेस्डेन शहरावर झालेला बाँबवर्षाव. कवी तिथेच जन्मला, पण 1962 साली, म्हणजे शहर जळून 17 वर्षं झाल्यावर. म्हणून सुरुवातीलाच तो स्वतःला 'श्पेटगेबोर्नर', उशिरा जन्मलेला, अशी हाक मारून विचारतो की तू कशाला रडतोस. हा शब्द साधा नाही. 'उशिरा जन्मल्याची कृपा' (म्हणजे नाझी काळाच्या दोषातून वयामुळे सुटका) हे शब्द जर्मन चान्सलर हेल्मुट कोल यांनी 1984 मध्ये इस्रायलमध्ये वापरले आणि ते जर्मनीत चांगलेच गाजले. तळटीप नसेल तर वाचक हे सरळ ओलांडून जातो.

वडाची_साल
+1 पोर्सेलिन. सीगल कोलकात्याची आहे, तिथूनच घ्या.

अक्कलखाते
पोर्सेलिनला माझंही मत. पण मांडताना तीन गोष्टी सांभाळा. तारीख: 13 फेब्रुवारी 1945, मंगळवार, कार्निवलचा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार, ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस. चर्चचं पंचांगच इतकं क्रूर निघालं की कवीला रूपक शोधायला जावं लागत नाही. फ्राउएनकिर्शे हे तिथलं मोठं चर्च तेव्हा पडलं नाही, 15 तारखेला सकाळी कोसळलं. पुन्हा उभं राहिलं 2005 मध्ये, म्हणजे पुस्तकाच्याच वर्षी.

दुसरं, आकडा. गोबेल्सच्या प्रचारखात्याने मृतांचा आकडा दोन लाखांवर नेला आणि तो अजून फिरतो. इतिहासकारांच्या आयोगाने 2010 मध्ये दिलेला आकडा जास्तीत जास्त 25,000. कट्ट्यावर कोणीतरी दोन लाख म्हणणारच, तयार राहा. 'आम्हीच बळी' हा सूर नवनाझी दर फेब्रुवारीत तिथे लावतात, आणि ग्र्यूनबाइनचं सगळं पुस्तक त्या सुराला टाळत टाळत शोक करायचा प्रयत्न आहे.

तिसरं, तो शोक सगळीकडे साधलाय असं नाही. ड्रेस्डेनजवळच्या मायसेनची चिनी माती (पोर्सेलिन म्हणजे तीच), बारोक घुमट, नाजूक बाहुल्या हे इतकं वारंवार येतं की मधले दहाएक भाग मला शोकेसमध्ये मांडल्यासारखे वाटतात. त्यावर जर्मनीत टीकाही झाली. 490 ओळी सलग वाचू नका, सात-सातच्या गटाने घ्या.

हुगळी_पार
शोकेस हाच तर मुद्दा आहे! शहरच शोकेस होतं.

अक्कलखाते
मुद्दा एकदा कळला. 49 वेळा का?

रद्दीवाला_सदाशिव
निबंध हवे असतील तर माझ्यासारखे फसू नका. 'येनझाइट्स डेअर लिटेराटुर' (2020) आणि सीगलचं 'फॉर द डाइंग काव्ह्ज' ही एकाच पुस्तकाची दोन नावं आहेत. ऑक्सफर्डची चार व्याख्यानं, 2019 ची. मी दोन्ही घेतली. इंग्रजी घ्या, गद्य सरळ आहे. पहिलं व्याख्यान हिटलरचं डोकं छापलेल्या जांभळ्या टपालतिकिटाभोवती फिरतं. एवढासा कागद लहान मुलाच्या तिकिटांच्या वहीत येतो आणि मागे सगळा इतिहास चिकटलेला. त्याचं निबंध लिहिण्याचं तंत्र असंच आहे: वस्तू हातात घ्यायची, मग ती उलटी करून बघायची. 'द बार्स ऑफ अटलांटिस' (2010) जाड आहे, दमवतं, आणि किंमत तर विचारूच नका.

खमंग_काकडी
हा तोच ना जो कादंबरीकार तेलकाँपशी भांडला? मार्च 2018, ड्रेस्डेनचा कुल्टुरपालास्ट. दोघंही ड्रेस्डेनचे, दोघंही सूरकाम्पचे. तेलकाँप म्हणाला की 95 टक्क्यांहून जास्त निर्वासित युद्धामुळे नाही तर सरकारी मदतीसाठी येतात, आणि दुसऱ्या दिवशी प्रकाशकाने ट्विटरवर हात झटकले. खरं सांगा, प्रकाशकाने लेखकाच्या मतापासून...

शब्दखुळा
धाग्याचं काश्मीर करू नका राव. वेगळा धागा काढा.

मुळा_मुठा
ब्यूशनर पारितोषिक (1995), जर्मन साहित्यातलं सर्वात मानाचं, मिळालेला सर्वात तरुण कवी, हे भाषणात सांगा. श्रोते जागे राहतात.

एल्बेकाठी
सांगू नका, चूक आहे. ग्र्यूनबाइन तेव्हा 33 चा. लेखक पेटर हांडकेला 1973 मध्ये तिसाव्या वर्षी मिळालं. कवी एन्त्सेन्सबेर्गरला 1963 मध्ये, तोही 33 चाच.

त्यापेक्षा त्या वेळचं भाषण वाचा, फुकट आहे. जर्मन भाषा आणि काव्य अकादमीच्या संकेतस्थळावर पारितोषिकांची भाषणं आहेत. शीर्षकाचा अर्थ 'शरीर मोडणे'. ज्याच्या नावाचं पारितोषिक तो ब्यूशनर नाटककार तसा शरीरशास्त्रज्ञही. त्याचा प्रबंध बार्बेल माशाच्या मज्जासंस्थेवर आणि झ्युरिचमधलं 1836 चं चाचणी व्याख्यान कवटीतल्या नसांवर. ग्र्यूनबाइन तिथून आत शिरतो: कवितेचा उगम मन नाही, नस. आता 'कवटीचा धडा' याच्याशी जोडा, कुत्र्याशी जोडा, पहिली दहा वर्षं उलगडतील. गौरवभाषण हायनर म्युलरचं होतं आणि त्याच वर्षी 30 डिसेंबरला म्युलर गेला.

मुळा_मुठा
एन्त्सेन्सबेर्गरच का नाही करत मग? सोपा आहे, गणितावरही लिहितो.

अक्कलखाते
2022 मध्ये गेला तो. आणि ताईंनी नाव देऊन झालंय.

ओठ_गोल
पुस्तक काहीही घ्या, आधी 'लिरिकलाइन' या बर्लिनच्या संकेतस्थळावर कवीच्या आवाजात ऐका. मजकूर समोर असतो, काही कवितांचे अनुवादही. पैसे नाहीत. ओळ कुठे मोडते आणि श्वास कुठे मोडतो हे वेगवेगळं असतं, ते छापील पानावर कळत नाही. कट्ट्यावर मोबाइलवर वाजवणार असाल तर स्पीकर न्या. पंधरा माणसांत मोबाइलचा आवाज मागच्या रांगेला पोचत नाही. रेक्लाम प्रकाशनाची 'लिंबिशे आक्टे' (2011) ही छोटी निवडही आहे, खिशात मावते.

निंबोणी
सगळ्यांचे मनापासून आभार. वाचनखूण साठवली आहे. तुमचं ऐकणार होते, पण शनिवारी लायब्ररीत एक बारीकसं पुस्तक हाती लागलं, 'डेन टॉयरेन टोटेन', 1994, 33 कबरलेख. इथे कोणी नावही काढलं नव्हतं. उभ्याउभ्याच सहा वाचले. मी हेच करणार.

एल्बेकाठी
ताई, ते त्याचं गौण पुस्तक आहे. वर्तमानपत्रातल्या विचित्र मरणांवरचे विनोद. मुख्य कामाशी त्याचा संबंध नाही.

हुगळी_पार
आणि पोर्सेलिन? रुपयांत मिळतंय हो!

निंबोणी
लेख आखूड आहेत, क्रियापदाला गोल करायला ओळी कमी. बर्लिनमधला एक माणूस चालू टीव्हीसमोर 13 आठवडे मरून बसलेला, ताठ, नजर विझलेली. हे बी-1 वर कळतं, आणि पंधरा माणसांना समजावून सांगावं लागत नाही. शरीर तिथेही आहेच, एल्बेकाठी, फक्त मेलेलं. ग्रीक कबरलेखांसारखा घाट आहे, म्हणून मराठीत करताना प्रत्येक लेख दगडावर कोरता येईल इतकाच ठेवतेय. सहा झालेत, दहा करेन. कवटीचं शीर्षक दोन_भाषांकडून उचलणार आहे, भाषण एल्बेकाठींकडून. शीर्षकावरच अडलेय: 'टॉयर' म्हणजे प्रिय आणि महागही. 'प्रिय मृतांस' लिहिलं तर महाग जातं.

दोन_भाषा
'मोलाच्या मृतांस' करा. मोल म्हणजे किंमतही आणि जपणूकही.

रद्दीवाला_सदाशिव
म्हणजे खर्च शून्य. आणि आम्ही एकच पुस्तक दोनदा घेतलं.

निंबोणी
'मोलाच्या मृतांस' घेतलं. फलक आजच छापायला टाकते.

शब्दखुळा
फलकावर 'ग्र्यूनबाइन' असंच लिहिणार आहात का?