ईएक्सटी४ : लॉगडंप एकाच ओळीत संपते, मग जर्नल रिकामे समजायचे का?

प्रश्न

ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइल मांडून ठेवण्याची व्यवस्था) वापरणारा एक सर्व्हर वीज गेल्यामुळे अचानक बंद पडला. तो पुन्हा सुरू झाल्यावर एका सेटिंग्जच्या फाइलचा आकार शून्य बाइट झाल्याचे आढळले. मी सर्व्हर व्यवस्थित बंद केला, डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली आणि ती माउंट न करता (म्हणजे तिची फाइल सिस्टिम वापरासाठी खुली न करता) डीबगएफएस या फाइल सिस्टिम तपासण्याच्या साधनातील लॉगडंप ही कमांड चालवली. ती जर्नलमधील, म्हणजे बदल मूळ जागी लिहिण्याआधी जिथे नोंदवले जातात त्या जागेतील, नोंदी दाखवते. उत्तरादाखल एवढीच ओळ आली : ‘जर्नल ब्लॉक ० पासून सुरू, ट्रान्झॅक्शन ४८२१३’ (ट्रान्झॅक्शन म्हणजे एकत्र नोंदवलेल्या बदलांचा गट). वीज जाण्याच्या क्षणी त्या फाइलचे काय चालले होते, हे मला पाहायचे आहे. ती माहिती पुसली गेली आहे का?

उत्तर १

आरंभ ब्लॉक शून्य असण्याचा अर्थ जर्नल कोरे आहे असा नसून, पुन्हा लागू करण्याजोगे त्यात काही उरलेले नाही, असा आहे. सर्व्हर सुरू होताना कर्नलने (सिस्टिमच्या गाभ्याने) अपूर्ण राहिलेल्या नोंदी मूळ जागी लिहिल्या आणि पुढे नीट अनमाउंट होताना जर्नलच्या सुपरब्लॉकमध्ये (जर्नलचीच माहिती ठेवणाऱ्या ब्लॉकमध्ये) हा शून्य नोंदवला गेला. जुने ब्लॉक मात्र कोणी मुद्दाम पुसत नाही. नव्या नोंदी त्यांच्यावर येईपर्यंत ते तसेच पडून असतात. ते पाहण्यासाठी लॉगडंपला मोठ्या लिपीतील ‘ओ’ हा पर्याय द्यावा. आवृत्ती फार जुनी असल्यास तो पर्याय नसेल, तेव्हा आधी मॅन्युअल पाहावे.

त्याआधी डीडी या कमांडने पार्टिशनची प्रतिमा (हुबेहूब प्रत) काढून ठेवा आणि पुढचे सारे काम त्या प्रतिमेवरच करा. अनेकांची फसगत होते ती इथे : ‘आरओ’ (फक्त वाचण्यासाठी) म्हणून माउंट केले तरी जर्नल अपूर्ण असेल तर कर्नल ते लागू करतोच, म्हणजे डिस्कवर लिहितोच. ते टाळायचे असेल तर सोबत ‘नोलोड’ हा जर्नल लागू न करण्याचा पर्याय द्यावा लागतो. डीबगएफएस मात्र ‘डब्ल्यू’ पर्याय दिल्याशिवाय काहीही लिहीत नाही.

प्रश्नकर्ता

धन्यवाद. प्रतिमेवर ‘ओ’ पर्याय दिल्यावर शेकडो ओळी आल्या. त्यांतील बहुतेक ‘एफएस ब्लॉक १०४९६१२, जर्नल ब्लॉक ३१४ वर नोंदवला, फ्लॅग्ज ०x२’ अशा धाटणीच्या आहेत. हा ब्लॉक कोणत्या फाइलचा, हे डीबगएफएसमधील आयचेक या कमांडला विचारले, तर ब्लॉक सापडला नाही असे उत्तर मिळते.

उत्तर २

फ्लॅगमधील २ कडे दुर्लक्ष करा. यूयूआयडी (ओळख क्रमांक) आधीच्या नोंदीचाच आहे, एवढेच तो सांगतो. आयचेकने हात टेकले याचे बहुधा कारण असे, की तो ब्लॉक कोणत्याही फाइलच्या मालकीचा नसून इनोड टेबलचा आहे (इनोड म्हणजे फाइलचा आकार, वेळा अशी माहिती ठेवणारी नोंद). जर्नलमध्ये बदललेली एकच नोंद जात नाही, संपूर्ण ब्लॉक जातो. ४०९६ बाइटच्या ब्लॉकमध्ये २५६ बाइटचे १६ इनोड बसतात, त्यामुळे त्यांपैकी कोणता बदलला हे नुसत्या ब्लॉक क्रमांकावरून कळणे शक्य नाही.

म्हणून उलट दिशेने जावे. स्टॅट कमांडने फाइलचा इनोड क्रमांक काढा आणि तो कोनी कंसात लिहून लॉगडंपला ‘आय’ पर्यायासोबत द्या. ‘ओ’ सोबत ठेवायला विसरू नका. त्या इनोडच्या जर्नलमध्ये उरलेल्या प्रती ट्रान्झॅक्शननिहाय दिसतील आणि प्रत्येकीत आकार व वेळा असतील. फाइलमधील मजकूर मात्र तिथे शोधू नये, कारण ऑर्डर्ड या डीफॉल्ट पद्धतीत जर्नलमध्ये फक्त मेटाडेटा (फाइलविषयीची माहिती) जातो. (जर्नलसीटीएल सुचवायला कोणी येण्याआधीच सांगतो : ते सिस्टमडी या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामचे लॉग दाखवते, त्याचा आणि या जर्नलचा संबंध केवळ नावापुरता आहे.)

प्रश्नकर्ता

दोन प्रती मिळाल्या. ट्रान्झॅक्शन ४८१९७ मध्ये आकार १८४३२ बाइट आहे, तर ४८१९८ मध्ये शून्य आहे. म्हणजे फाइल आधी रिकामी केली गेली आणि नवा मजकूर डिस्कवर पोहोचण्यापूर्वीच वीज गेली, असे मानावे का?

उत्तर २

होय, तसेच दिसते. विलंबित वाटपामुळे (डिस्कवरची जागा उशिरा ठरवण्याच्या पद्धतीमुळे) नवा मजकूर काही काळ मेमरीतच थांबतो, पण फाइल रिकामी केल्याची नोंद कमिट झाली (जर्नलमध्ये पक्की झाली) की ती टिकते, आणि कमिटचे डीफॉल्ट अंतर ५ सेकंदांचेच आहे. त्या प्रोग्रामने तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून, एफसिंक करून (मजकूर डिस्कवर पोहोचवून), मग तिचे नाव बदलले असते, तर जुनी किंवा नवी यांपैकी एक फाइल पूर्ण मिळाली असती. दोष फाइल सिस्टिमचा नव्हे, त्या प्रोग्रामचा आहे.