मदत हवी आहे: १.८ टर्बो इंजिनाला ९२.८ मिमी स्ट्रोकचा क्रँकशाफ्ट टाकू का? सोमवारपर्यंत ठरवायचंय

घाटगाडी
इंजिन उतरवलंय, ब्लॉक बोअरिंगला गेलाय. लेथवाले काका सोमवारी विचारणार, पिस्टन कुठले. स्टॉक (कंपनीचा मूळ) ८६.४चा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ठेवून नुसतं रिबिल्ड करू, की २.० एफएसआय इंजिनाचा ९२.८चा क्रँक टाकू? क्रँक मिळतोय, फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) आहे. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८१चा धरला तरी १७८१चे १९१३ सीसी होतात. उघडलंच आहे तर आत्ताच करून घ्यावं असं वाटतंय. फायदे-तोटे सांगा. लवकर.

रिंगपिस्टन
गाडी कुठली? टर्बो कोणता? कनेक्टिंग रॉड (पिस्टन-क्रँक जोडणारे) कुठले? पेट्रोल कोणतं भरता? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

घाटगाडी
स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस हो. २००५ची. टर्बो स्टॉक के०३. पेट्रोल ९५ ऑक्टेन.

कोल्हापुरी_टॉर्क
बिनधास्त टाका! स्ट्रोक वाढला की टर्बो लवकर भरतो (दाब द्यायला लागतो). आमच्या ग्रुपमधल्या एकाने केलंय, आंबेनळी घाटात तिसऱ्या गिअरवरून खाली यावंच लागत नाही.

रिंगपिस्टन
त्याचा टर्बो कोणता ते पण सांगा, नाहीतर उगाच दिशाभूल होते.

घाटगाडी, के०३ लहान आहे. दोनशे पीएस (अश्वशक्ती)च्या आसपास त्याचा दम संपतो, मागे कितीही सीसी असू देत. इंजिन मोठं केलंत तर ते जास्त हवा मागणार आणि टर्बो आणखी लवकर धापा टाकणार. वरची पॉवर जवळपास तीच राहील. वाढेल तो खालचा टॉर्क, आणि या इंजिनाचे स्टॉक रॉड नेमके तिथेच वाकतात. साडेतीनशे-चारशे न्यूटन मीटरच्या पुढे त्यांचा भरवसा नाही.

आता हिशेब बघा. १७८१वरून १९१३ म्हणजे साडेसात टक्क्यांच्या आत. ०.९ बार बूस्टवर (टर्बो देतो तो जादा हवेचा दाब) तेवढीच जादा हवा ०.१४ बार बूस्ट वाढवून मिळते. त्यासाठी क्रँक, पिस्टन, बॅलन्सिंग एवढा खर्च करायचा का?

कोल्हापुरी_टॉर्क
बूस्ट वाढवा म्हणणं सोपं आहे. मेमध्ये घाट चढताना ९५ ऑक्टेनवर नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) सुरू झालं की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठिणगीचं टायमिंग मागे खेचतो, मग कुठली पॉवर? सीसी वाढवले तर त्याच बूस्टला जास्त टॉर्क मिळतो.

रिंगपिस्टन
हा मुद्दा मान्य. पण तो टर्बोला हवा पुरवता येते तोपर्यंतच.

डिझेलभाऊ
९२.८ कशाला, १.९ टीडीआय डिझेलचा क्रँक टाका. ९५.५चा स्ट्रोक, फोर्ज्ड, आणि जुन्या डिझेल ऑक्टाव्हिया भंगारात पडल्यात.

रिंगपिस्टन
भाऊ, १४४ मिमीच्या रॉडवर त्याचा रेशो (रॉडची लांबी भागिले स्ट्रोक) १.५१ येतो. स्टॉक १.६७ आहे, ९२.८ला १.५५. रेशो उतरला की पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर जास्त दाबला जातो. शिवाय या इंजिनात थरथर मारणारे बॅलन्स शाफ्ट नाहीत. ९२.८लासुद्धा वरच्या आरपीएमची थरथर १५ टक्क्यांनी वाढणार.

डिझेलभाऊ
बाहेरचे लोक ९५.५वर रेसिंग करतात. रेशो-रेशो करत बसलात तर काहीच होणार नाही.

नवी_टर्बो
माझ्या नव्या टर्बो पेट्रोलला १८०० आरपीएमच्या खाली पिक-अपच नाही. त्यालाही क्रँकच बदलावा लागेल का?

रिंगपिस्टन
नाही. वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला दाखवा, आणि वेगळा धागा काढा.

कागदपत्रे
कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. सीसी बदलले की आरसीवरचा आकडा खोटा ठरतो. मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ वाचा. अपघात झाला तर विमा कंपनी आधी हेच उकरून काढेल. मला हा खर्चापेक्षा मोठा तोटा वाटतो.

घाटगाडी
कागदांचं लक्षात घेतो, विमा एजंटशी आधी बोलेन. एक सांगायचं राहिलं, दिवाळीनंतर मोठा टर्बो बसवायचाच आहे. फोर्ज्ड रॉड ऑर्डर केलेत.

रिंगपिस्टन
अहो, हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! मग उत्तरच बदलतं. मोठा टर्बो उशिरा भरतो, तिथे जादा स्ट्रोक खरंच कामाला येतो. कागदांचं जमत असेल तर क्रँक आत्ताच टाका, पुन्हा इंजिन उतरवण्यात अर्थ नाही. फक्त रेडलाइन (आरपीएमची कमाल मर्यादा) वाढवू नका. ८६.४ला ७००० आरपीएमवर पिस्टनचा जो सरासरी वेग असतो, तो ९२.८ला ६५००वरच येतो.

आणि पिस्टन या स्ट्रोकचेच मागवा. स्ट्रोक ६.४ने वाढला म्हणजे पिस्टन ३.२ मिमी वर येणार, म्हणून गजन पिनचं (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) भोक तेवढंच वर हवं. स्टॉक उंचीचे पिस्टन घातले तर ते ब्लॉकच्या बाहेर डोकावतील. तुमचा पिन १९चा की २०चा?

घाटगाडी
आत्ताच व्हर्निअरने मोजला, २०. नवे रॉडही २०चेच मागवलेत. काका म्हणतात उद्याच ८२.५ला बोअर करून ठेवतो.

रिंगपिस्टन
८२.५ चालेल, १९८४ सीसी होतील, ब्लॉक ओतीव लोखंडाचा आहे. पण पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करू देऊ नका. फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर जास्त फुगतो, त्याचा क्लिअरन्स (पिस्टन आणि भिंतीमधली फट) वेगळा असतो आणि पिस्टनसोबतच्या कागदावर दिलेला असतो. प्रत्येक सिलिंडर त्याच्या-त्याच्या पिस्टनला मापून होन (शेवटचं बारीक घासून माप आणणं) करायला सांगा. सोमवार गेला तरी चालेल.

डिझेलभाऊ
८६.४चा जुना क्रँक विकणार असाल तर व्यनि करा.