दिवाळीनंतर निम्मा वर्ग ऊसतोडीला जातो, अशा शाळेत शिकवायचं कसं?

तांड्यावरची_बाई
नमस्कार सगळ्यांना. मी बीड जिल्ह्यात एका तांड्यावरच्या (बंजारा वस्तीवरच्या) झेडपी शाळेत आहे, पहिली ते चौथी, शिक्षक दोनच. दुसऱ्या सरांकडं मुख्याध्यापकाचा चार्ज आहे म्हणजे पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस (शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती), आधार, केंद्रावरच्या मीटिंगा सगळं त्यांच्याच मागं, त्यामुळं बऱ्याचदा चारही वर्ग माझ्यासमोर असतात. ते जमतं, गट पाडले की चौथीची पोरं पहिलीवाल्यांना घेऊन बसतात, त्यात त्यांचंही पक्कं होतं.

माझा प्रश्न पुढचा आहे. पहिलीतली पोरं घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात, जून-जुलै मराठी कानावर पडण्यातच जातो, दसऱ्यापर्यंत कुठं काना-मात्रा-वेलांटी धरून दोन-तीन शब्दांचं वाक्य वाचायला लागतात आणि तेवढ्यात तोडीला टोळ्या नेणाऱ्या मुकादमाच्या गाड्या लागतात. आई-बाप दोघं मिळून एक कोयता म्हणजे तोडणीची एक जोडी, उचल (आगाऊ पैसे) आधीच घेतलेली, मग पोरं मागं ठेवणार कुणाकडं. थेट मार्च-एप्रिलमध्ये परत येतात तेव्हा निम्मं विसरलेलं असतं. मागच्या वर्षी एक पोरगी बोट ठेवून अख्खं पान वाचायची, परत आल्यावर तेच पान समोर धरलं तर नुसती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. फार लागलं मला ते.

बदलीचा फॉर्म भर असं घरचे म्हणतात. पण ही पोरं सोडवत नाहीत, पहिल्यांदा स्वतःचं नाव वाचलं की जी काही उड्या मारतात ना, ते दुसरीकडं मिळेल असं वाटत नाही. अशा शाळेवर काम केलेल्यांनी सांगा, काय केलं तुम्ही?

धारूर_घाट
मॅडम, माझी बरीचशी नोकरी अशाच शाळांवर गेली. हंगामी वसतिगृहाचा (आई-बाप तोडीला गेल्यावर मागं राहिलेल्या पोरांच्या सोयीचा) प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घेऊन पोळ्याच्या आसपासच पाठवा, दिवाळीला पाठवला तर मंजुरी येईपर्यंत गाड्या गेलेल्या असतात. आणि घरी गेलात की आई-बापाच्या आधी आजीशी बोला. पोरगं मागं राहणार का नाही हे तिच्यावर असतं, तिला दोन वेळच्या जेवणाची खात्री पाहिजे, बाकी ती सगळं बघते. तिसरी-चौथीच्या मुलींकडं जास्त लक्ष द्या, मुलगा आजीपाशी ठेवतात पण मुलीला नेतात कारण तिथं कोपीवर (तोडणीवाल्यांच्या तात्पुरत्या झोपडीवर) तान्हं सांभाळायला कुणीतरी लागतं. मी अशा घरी तीन-तीन चकरा मारायचो, काही पोरी राहिल्या, काही नाही राहिल्या. त्यातली एक आज आमच्याच तालुक्यात आशा वर्कर आहे, परवा पोलिओच्या डोसला भेटली, वहीत सगळ्या लेकरांच्या नोंदी इतक्या नीट, मी उभ्याउभ्या दोन पानं वाचून काढली.

पंचगंगा_काठ
मी दुसऱ्या टोकाला आहे, कोल्हापूर जिल्ह्यात. तुमची पोरं आमच्याकडं येतात. शाळेपासून हाकेच्या अंतरावर कोप्या पडतात, तरी पोरं शाळेत येत नाहीत कारण घरच्यांना वाटतं दाखला नाही तर घेणार नाहीत. २००९ च्या आरटीई (शिक्षण हक्क) कायद्यात स्पष्ट आहे, दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही आणि वयाप्रमाणं वर्गात बसवायचं असतं. हे तुम्ही तिकडं निघायच्या आधीच पालकांना सांगा, आणि शिक्षण हमी पत्रक (दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवायचा कागद) पोराच्या दप्तरात न ठेवता आईकडं द्या, रेशन कार्डाच्या पिशवीत ते टिकतं.

गणिताचं मात्र आम्हाला वेगळंच दिसलं. तिसरीतल्या एका पोरीला वजाबाकी मांड म्हटलं की पेन्सिल खाली, पण संध्याकाळी वाढ्याच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) पेंढ्या विकताना किती दिल्या, किती उरल्या, पैसे किती परत द्यायचे हे तोंडी फटाफट. मग आम्ही तिच्याच पेंढ्यांचा हिशोब फळ्यावर लिहिला, ती सांगायची आणि आम्ही मांडायचो, थोड्या दिवसांत खडू तिनंच हातात घेतला. फळ्यावर स्वतःच्या हातानं हातच्याची वजाबाकी करून ती मागं वळली तेव्हा वर्गातल्या आमच्या गावच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, कुणी सांगितलं नव्हतं.

आयटीआय_फिटर
मी शिक्षक नाही, ऊसतोडीवाल्याचा मुलगा आहे, सध्या चाकणला कंपनीत आहे. एकच सांगतो मॅडम, एप्रिलमध्ये परत आल्यावर आम्हाला लई लाज वाटायची. बाकीचे पुढं गेलेले, आमचे हातपाय उसाच्या पाल्यानं कापलेले, वर्गात गेलं की सगळे बघायचे, म्हणून आठ-आठ दिवस शाळेकडं फिरकायचो नाही. आमचे एक गुरुजी होते ते आल्या आल्या काहीच वाचायला लावायचे नाहीत, कारखान्यावर काय काय बघितलं ते सगळ्या वर्गाला सांगायला लावायचे. काटा (उसाचं वजन) कसा होतो, गव्हाणीत (ऊस गाळायला टाकतात तिथं) ऊस कसा पडतो, मळी कुठं जाते. ते सांगताना आम्हीच शहाणे असायचो. मग तेच फळ्यावर लिहून द्यायचे आणि वाचून घ्यायचे, आपणच बोललेलं असल्यामुळं यायचं वाचता. मे महिन्यात सुट्टी असून पण सकाळी दोन तास शाळा उघडी ठेवायचे. मी दहावी झालो त्यात त्यांचा वाटा लई मोठा आहे.

तांड्यावरची_बाई
सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, तुमचं वाचून त्या पोरीचं गप्प राहणं मला आत्ता समजतंय. एप्रिलमध्ये असंच करणार, कारखान्याच्या गोष्टींनीच सुरुवात. धारूरचे सर, ठराव ह्याच महिन्यात घेते, आज्यांना भेटायला रविवारपासून निघते. बदलीचा फॉर्म यंदा भरत नाही.

कोल्हापूरचे सर, आमच्या तांड्यावरच्या दोन-तीन टोळ्या तुमच्याच भागात जातात. दसऱ्यापर्यंत मुकादमांकडून गाव आणि कारखाना विचारून पोरांची यादी केली तर तुम्हाला पाठवू का?

पंचगंगा_काठ
नक्की पाठवा, मेसेजमध्ये नंबर देतो. नुसती नावं नकोत, कोण कुठपर्यंत वाचतंय, बेरजेत कुठं अडतंय तेही पुढं लिहा म्हणजे आल्या दिवसापासून तिथूनच धरता येईल. गोरमाटीतले रोजच्या वापरातले शब्द पण द्या, तहान लागली, पोटात दुखतंय, घरी जायचंय एवढं तरी मला त्यांच्या भाषेत कळलं पाहिजे.