बाळाचा मुका घेतला, आणि ओठावर फोड होते

नवीआई_कराड:
परवा बारसं झालं. मी माहेरीच आहे. ह्यांच्या आत्या आल्या होत्या, त्यांच्या ओठाच्या कडेला पाणी भरलेले बारीक फोड होते. "ताप बाहेर पडलाय, दुसरं काही नाही" म्हणत त्यांनी बाळाच्या गालाचे मुके घेतले. हे हर्पिस, म्हणजे त्या नावाच्या विषाणूचे फोड, असू शकतं असं आता वाचलं. बाळ दूध पितंय, ताप नाही. थांबू का? आत्यांना बोलायचीही पंचाईत.

सिस्टर_सुमन:
घाबरू नकोस, पण थांबूही नकोस. आजच बाळाला घेऊन डॉक्टरांकडे जा आणि मुक्याचं स्पष्ट सांग. मी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, बरीच वर्षं काढली. आईबाप ताप सांगतात, पण घरात कुणाच्या ओठावर फोड होते हे विचारल्याशिवाय निघत नाही.

आत्यांचा दोष नाही गं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पन्नाशीच्या आतल्या सुमारे 64 टक्के लोकांत हा विषाणू असतो. मोठ्यांचा ओठ आठवड्या-दोन आठवड्यांत बरा होतो, तान्ह्यात मात्र विषाणू यकृत, फुप्फुसं, मेंदू गाठू शकतो. बहुतेक बाळांना तो बाळंतपणाच्या वेळी आईकडून येतो, मुक्यातून क्वचित. तुला स्वतःला पूर्वी असे फोड येऊन गेले असतील तर तेही डॉक्टरांना सांग. तुझी प्रतिद्रव्यं, म्हणजे विषाणूशी लढणारे रक्तातले घटक, बाळाला पोटातच मिळालेली असतात, त्याचा थोडा आधार असतो.

पुढचे सहा आठवडे डोळ्यांत तेल घालून बघ. दूध ओढेनासं झालं, उठवूनही उठेना, ताप आला किंवा अंग गार पडलं, झटका आला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. अंगावर फोड दिसायची वाट बघू नका, कित्येक बाळांना ते येतच नाहीत. आणि घरी तापाचे थेंब पाजून बघत बसू नका.

लेकीचीआई_नाशिक:
सिस्टरचं शंभर टक्के खरं. माझ्या लेकीला फोड नव्हतेच, नुसती पेंगायची. डॉक्टरांनी पाठीतलं पाणी तपासायचं म्हटल्यावर सासूबाई आडव्या आल्या, "पोर पांगळं होईल" म्हणून. तसं काही होत नाही! मेंदूपर्यंत गेलंय हे त्याच तपासणीत कळलं. असायक्लोव्हिर, म्हणजे या विषाणूवरचं औषध, शिरेतून 21 दिवस, मग सहा महिने तोंडावाटे. आज ती बालवाडीत जाते. पहिला डोस अहवाल यायच्या आधीच सुरू केला होता, त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

नवीआई_कराड:
दाखवून आणलं. बाळ ठीक आहे, लक्ष ठेवायला सांगितलंय. आत्यांना आईनेच फोन केला, त्या रडल्या बिचाऱ्या. सिस्टर, उद्या मलाच ओठावर फोड आला तर पाजायचं का?

सिस्टर_सुमन:
पाजायचं. मास्क लाव, साबणाने हात धू, फोडाला हात लावू नकोस, मुका नाही. फोड स्तनावर असेल तरच त्या बाजूचं दूध देऊ नकोस, दुसऱ्या बाजूने पाज. आणि आत्यांना सांग, खपली पडून कातडी कोरी झाली की खुशाल या.